पाम्बोस परत का गेला

लोइझोस : अजून किती वेळ या झाडाखाली बसायचं, अंथुला? तीन वेळा पाणी मागवून झालं.

अंथुला : पाय भरून आलेत रे. सकाळी सालामिसच्या त्या दगडी नाट्यगृहात पार वरच्या पायरीपर्यंत चढवलंस. सत्तरीच्या बाईला.

लोइझोस : एकाहत्तर. आणि माझा हात झटकून तूच पुढे चढलीस. लग्नानंतर पहिल्या सुट्टीला सालामिसला नेईन म्हणालो होतो ना? पन्नास वर्षं उशीर झाला, पण नेलं.

अंथुला : नेलंस. सुंदर होतं.

लोइझोस : मग चल ना. आपल्या जुन्या वस्तीचं, वरोशाचं फाटक संध्याकाळी बंद करतात. तो कॉफीवालाही म्हणाला, आता निघालात तर निवांत बघून होईल.

अंथुला : ग्रीक किती छान बोलतो तो. आपल्याकडच्यासारखं, जुनं.

लोइझोस : दक्षिणेतल्या पाफोसचा तुर्क आहे. चौऱ्याहत्तरला बेटाची फाळणी झाली, तेव्हा त्यांना इकडे उत्तरेत यावं लागलं, जसं आपल्या ग्रीकांना तिकडे. त्याच्या घरात आता आपलं कुणीतरी राहतं. मला विचारत होता, अंगणातलं लिंबाचं झाड आहे का अजून. मी म्हटलं, बघून कळवतो. नंबर घेतलाय त्याचा.

अंथुला : खरंच बघशील?

लोइझोस : बघेन की. तुझं मला कळत नाही, अंथुला. सीमेवरची वाट उघडून एकवीस वर्षं झाली. मी सात वेळा येऊन गेलो, मुली येऊन गेल्या. तू म्हणायचीस, माझ्याच गावात शिरायला मी पासपोर्ट दाखवणार नाही. आणि आता लग्नाच्या पन्नाशीचं म्हणून मुलींनी लार्नाकात एवढं जेवण ठरवलं, तर म्हणालीस, नको, फामागुस्ताला जाऊ. आणि इथे आल्यावर बसून राहिलीस.

अंथुला : शनिवारच्या आत यायचं होतं.

लोइझोस : विहिरीत सापडलेली पाम्बोसची हाडं शनिवारी पुरायची, त्याचा आणि याचा काय संबंध?

अंथुला : चल. उठते.

(वरोशा. फामागुस्तातली, पन्नास वर्षं ओसाड पडलेली वस्ती. एका गल्लीच्या तोंडाशी दोर बांधलेला आहे. दोघं दोरापाशी उभी आहेत.)

लोइझोस : इथून पुढे जाऊ देत नाहीत. मागच्या खेपेला पाय टाकला तर शिपायाने शिटी वाजवली. तो बघ, डावीकडचा तिसरा दरवाजा. तुझ्या वडिलांनी हुंड्यात दिलेलं आपलं घर. सहा आठवडे राहिलो, त्यातले तीनच मी. मग लढाईला बोलावणं आलं.

अंथुला : छतातून झाड आलंय.

लोइझोस : अंजीर आहे. आणि ती मागे दिसते ना, ती आईच्या घराची गच्ची. तिथे पाम्बोसची कबुतरं असायची. शनिवारी चर्चमध्ये चार शब्द बोलायचे आहेत, ते लिहून ठेवलेत मी. ऐकतेस? "माझा भाऊ एकोणीस वर्षांचा होता. सगळं गाव पळून गेलं, तो मात्र मुक्या पाखरांना सोडवायला परत आला." पुढे अजून सुचत नाही.

अंथुला : तसं म्हणू नकोस.

लोइझोस : का? लिहिलंय वाईट का?

अंथुला : तो कबुतरांसाठी आला नव्हता.

लोइझोस : सगळ्यांना ठाऊक आहे तो कशासाठी आला होता. त्या विहिरीतून त्याच्या हाडांबरोबर किल्ली नाही का निघाली? कबुतरखान्याच्या कुलपाची. ही काय, खिशात आहे माझ्या.

अंथुला : कबुतरखान्याला कुलूप नव्हतं, लोइझोस. ती आपल्या दाराची किल्ली आहे. मी दिली होती त्याला.

लोइझोस : काय बोलतेस?

अंथुला : मागच्या महिन्यात हाडांची ओळख पटवणाऱ्या त्या बाईने ती टेबलावर ठेवली, तेव्हाच ओळखली मी. तू कबुतरखान्याची म्हणालास, मी मान डोलावली. आता मला बोलू दे. मधे थांबले तर पुन्हा जमणार नाही. चौदा ऑगस्टला पहाटेपासून तुर्कांची विमानं आली. बाबांनी आम्हाला ट्रॅक्टरवर घातलं आणि इंग्रजांच्या लष्करी तळाजवळच्या झाडीत नेलं. सगळं गाव तिथे झाडांखाली पडलं होतं. तुझी आई, पाम्बोस, सगळे. तुझा काही पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आईने विचारलं, लग्नाचे मुकुट घेतलेस ना? ते पलंगावरच्या पेटीतच राहिले होते. फितीने जोडलेले, आपल्या दोघांच्या डोक्यांवरचे. आई रडायला लागली. नवरा लढाईवर आणि मुकुट मागे टाकून आलीस, आता तो परत येत नाही, म्हणाली. मी एकवीस वर्षांची होते. मला ते खरंच वाटलं. पाम्बोस मोटारसायकल पुसत बसला होता. मी त्याला बाजूला बोलावून म्हटलं, तेवढे मुकुट आणून देशील का? म्हणाला, गाव रिकामंच आहे, तासाभरात येतो. मी किल्ली दिली.

लोइझोस : आणि कुणाला सांगितलं नाहीस.

अंथुला : संध्याकाळी तुझी आई त्याला शोधायला लागली. शेजारची कुणी म्हणाली, कबुतरांकडे गेला असेल. सगळे तेच म्हणायला लागले. मी उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी कळलं, तुर्की सैन्य गावात शिरलंय. मग चार दिवसांनी तू आलास, जिवंत. तुझ्या आईने एका हाताने तुला धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने छाती बडवत होती. त्यानंतर कधी सांगणार होते मी?

लोइझोस : बावीस वर्षं. आई बावीस वर्षं त्या कबुतरांना शिव्या देत होती. मरताना शुद्ध नव्हती, तेव्हाही पाखरंच हाकलत होती. उशाशी तू होतीस.

अंथुला : होते.

लोइझोस : मी आपल्या नातवाला, सोतीरिसला दोन कबुतरं पाळू दिली नाहीत. एवढंसं पोर, महिनाभर बोललं नाही माझ्याशी. आणि त्याला मूर्ख म्हणायचो मी. माझ्या भावाला. दर वर्षी त्याच्या नावाची मेणबत्ती लावताना मनात म्हणायचो, मूर्खा, चार पाखरांसाठी गेलास.

अंथुला : ठाऊक आहे.

लोइझोस : तू शेजारी उभी असायचीस.

अंथुला : शनिवारी चर्चमध्ये मी सांगते सगळ्यांना. तुला बोलावं लागणार नाही. मुली काय म्हणायचं ते म्हणोत.

लोइझोस : थांब. जरा बोलू नकोस.

अंथुला : ऊन आहे, तू बस तरी. त्या पायरीवर बस.

लोइझोस : हात नको लावूस. बसतो मी.

अंथुला : लोइझोस, तू मला माफ कर असं मी म्हणत नाही.

लोइझोस : आज ते विचारूच नकोस. मला नाही माहीत. तू त्याला किती वाजता शेवटचं पाहिलंस?

अंथुला : नऊ वाजले असतील.

लोइझोस : मी वीस जुलैला गेलो तेव्हा तो झोपलेला होता. उठवलं नाही. त्यानंतर त्याला कुणी पाहिलं, कुणाशी काय बोलला, पन्नास वर्षं मी माणसं गाठून गाठून विचारत फिरलो. त्या दिवशी खाल्लं होतं का त्याने काही?

अंथुला : पाव आणि ऑलिव्ह दिले होते मी. कलिंगडाची एक फोडही खाल्ली. हात पँटला पुसले.

लोइझोस : घाबरला होता?

अंथुला : नाही. मी घाबरले होते, म्हणून मलाच हसत होता.

लोइझोस : अंगात काय होतं? हाडांबरोबर पट्ट्याचं बक्कल तेवढं निघालं. कपड्यांचं काहीच उरलं नव्हतं.

अंथुला : निळा शर्ट. तुझा होता. म्हणाला, लोइझोस आला की ओरडेल, तोवर घालून घेतो.