‘स्कल्क’ कुणाला म्हणावं

हॅलो?… हो आत्या, मेरिनच बोलतेय. किनाऱ्यावर आहे, हळू बोलते… मोजली ना. एकोणीस बिळं. अकरांत पिल्लं, तिनांत अंडी, पाच रिकामी… पेंग्विनचीच गं, दुसरं कोण राहतंय इथे?

नाही, समुद्रातून अजून एकही वर आला नाही. आत्ता कुठे अंधार पडतोय…

पाटी? किनाऱ्याच्या वाटेवरची ना, आजच वाचली. आठवडाभर होबार्टला होते ना मी… अगं, ऐक ना. ‘एक इसम संध्याकाळी बिळांपाशी स्कल्क करताना दिसतो.’ हे तू लिहिलंस? तो इसम म्हणजे क्लेमकाका, आत्या…

शब्दकोशात बघून लिहिलंस. बरं, काय दिलंय?… ‘लपतछपत हिंडणे.’ आणि त्यापुढे?… वाच ना… हां. ‘वाईट हेतूने, किंवा काम चुकवण्यासाठी.’

हो, वाकून चालायचे. खडकाआड बसायचे, तेही खरं… पण उभा माणूस दिसला की पेंग्विन पाण्यात परत फिरतात. म्हणून ते दबकत यायचे, मोकाट कुत्री हाकलायचे. दबकत येणं वेगळं आणि दबा धरून बसणं वेगळं…

टोमणा नाही गं. शाळेत माझे शब्द तूच खोडायचीस, म्हणून म्हटलं…

आता बदलतेस? काय, ‘क्रीप’?… नको, नको. तो त्याहून वाईट. किळसवाण्या माणसालाही क्रीपच म्हणतात; लोक क्रियापद सोडून शिवीच वाचतील…

माफी मागायला कुठे निघालीस? काल गेले ते. लॉन्सेस्टनला, मुलीकडे… हो, कायमचे. पेंग्विन बुजू नयेत म्हणून वापरायचे ती लाल काचेची विजेरी माझ्या दाराशी ठेवून गेलेत… नाही, चिठ्ठी वगैरे काही नाही. नुसती विजेरी. सेल नवे घातलेत…

थांब. गाडी आली. दिवे थेट वाळूवर… तुझी पाटी वाचलेलेच, दुसरं कोण? त्या इसमाला पकडायला रोज येतात म्हणे… अहो, दिवे बंद करा. अहो… ऐकू जात नाहीये त्यांना.

आत्या, रडू नकोस. पाटी सकाळी काढ… कळतंय मला, पिल्लांच्या काळजीनेच लिहिलंस. पिल्लं आत्ताही ओरडतायत, भुकेने… थांब, येतायत. एक. दोन… तीन, चार… पाचवा मागे फिरला…

नाही, झालं. बाकीचे लाटांतच थांबलेत. कागद आहे ना जवळ? लिहून घे, मी ठेवते मग. पाटी लागायच्या आदल्या दिवशी, होबार्टला निघण्याआधी मी मोजले तेव्हा, वर आले होते बावीस. आज चार.