सारं सरकारी, घड्याळ आपलं

मी बोरगावचा, सौंसरजवळच्या. चार भाऊ अन् कापसाचं वावर एकच, म्हणून मी फौजेत गेलो, तेव्हा गोरे साहेब जाऊन राहिले होते अन् आपले येऊन राहिले होते, आम्ही दोघायलेही सलाम मारला. तुम्ही इचारता फौजी माणसाले घड्याळाचा येवढा ताठा काहून, तर काय सांगू तुम्हाले, तठी सारंच सरकारी. बूट सरकारी, कंबल सरकारी, केस किती ठेवाचे तेही सरकार सांगे. घड्याळ तेवढं आपल्या मनानं घ्याचं. मी जबलपूरले दोन महिने दुकानं पाहत हिंडलो, हे नको, ते नको, मग काळ्या डायलचं घेतलं. काच मनगटाच्या आतल्या अंगाले ठेवून बांधाचं, उन्हात चमकली तर दुश्मनाले माणूस दिसते. गावचे लोक हासत, म्हणत, याले घड्याळही बांधता येत नाही.

तेच घालून मी लग्नाले उभा राह्यलो. सासरे काटोलकडचे. तेव्हा सासऱ्यानं जवायाच्या हातावर घड्याळ बांधाची रीत होती. मांडवात बुढा पुढं आला, डबी उघडली, सोन्याच्या रंगाचं, लखलखीत. अन् मी, मूर्खच म्हणा, साऱ्या वऱ्हाडासमोर बोलून बसलो, मामाजी, हे चमकते, आमच्या फौजेत चालत नाही, मी माहं निवडून घेतलं आहे. बुढ्यानं डबी बंद केली, बरं जवाईबापू म्हणे, अन् पंगतीकडं निघून गेला. बायको रडत होती, मले वाटलं माहेर सुटते म्हणून रडते.

लय वर्सानं तिनं सांगतलं. बुढ्याले घड्याळ वाचता येत नव्हतं, दिवस किती वर चढला ते पाहून चाले त्याचं सारं. तरी नागपूरले सीताबर्डीवर तीन दुकानं फिरला, म्हणे माहा जवाई फौजेत आहे, उठून दिसलं पाह्यजे. म्हणजे त्यानंही निवडलंच होतं ना हो! निवडाची हौस मलेच नाही कळली तर कोणाले कळन?

मधात छप्पन साली राज्यं वेगळी झाली, सासरवाडी मुंबई राज्यात गेली, आम्ही भोपाळच्या राज्यात, आम्हाले कोणी इचारलं नाही. बुढा माह्या घरी कधी आला नाही. लेकीची आठवण आली की निरोप धाडे, सौंसरच्या मोटार स्टँडवर येऊन बसे, तठीच तिले भेटे अन् परत. हे कळल्यावर एका सुट्टीत मीही गेलो तिच्यासंग, माहं घड्याळ घरी काढून, मनगट मोकळं ठेवून. म्हटलं, मामाजी, चुकलं माहं, ते घड्याळ द्या, मी घालतो. बुढा म्हणे, ते लहान्या जवायाले देल्लं, त्यानं घेतलं. रागानं नाही बोलला, तेच जास्त लागलं. मोटार आली, तो चढला. मंग काही आमची भेट झाली नाही.

आता थकलो मी, तीही थकली. कोणी आलं अन् मी फौजेतल्या घड्याळाचं सांगाले लागलो का ती चुलीजवळून म्हणते, तुम्ही घड्याळ तरी निवडलं, मले कोणी नवराही इचारला नाही, अन् माह्या बापानं उभ्या जन्मात हौसेनं एकच वस्तू निवडली होती. बरोबर आहे तिचं. सुखी राहा बाबू तुम्ही.