पुंगळ्यांच्या बरण्या

कोल्हापूरची मी, उद्यमनगरच्या मागच्या गल्लीतली. वडील लेथवर टर्नर होते. शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन जायची आणि तिथंच उभी राहून बघायची, ते म्हणायचे हात लावू नकोस, नुसती बघ, आणि जॉब कातून झाला की व्हर्नियर, म्हणजे माप घ्यायची पट्टी, माझ्या हातात द्यायचे, सांग किती भरतंय. एक सूत चुकलं तर सगळी मेहनत भंगारात, असं म्हणायचे. आता तुम्ही वहीत लिहिताना म्हणाल बंदुकीचं विचारलं आणि ही लेथचं सांगत बसली, पण ताई, सगळं तिथनंच आलंय, हाताची सवय तिथनंच, आणि डोक्यातली आगसुद्धा तिथनंच, कारण वडलांना कुणी चुकीचं माप दिलं तर ते त्या माणसाशी जन्मभर बोलायचे नाहीत. मी त्यांचीच पोरगी.

कॉलेजात एनसीसीला गेले ती नाष्ट्यासाठी, खोटं कशाला बोलू. तिथं पहिल्यांदा पॉइंट टू टूची रायफल हातात आली, आमचे सुभेदार म्हणाले पोरी श्वास सोड आणि मग दाब, आणि काय सांगू तुम्हाला, पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जवळजवळ. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, तुला बघायला येणाऱ्यांना हे सांगू नकोस म्हणजे झालं. नाही सांगितलं. पुण्याचं स्थळ आलं, सॉफ्टवेअरवाले, लग्न झालं, आणि ह्यांच्या नोकरीमागं इकडं नेदरलँड्सला आले. सहा वर्षं बुइटनव्हेल्डर्ट नावाच्या भागात फ्लॅटमध्ये पोरीला वाढवली, डच शिकले, सायकल शिकले, आणि खिडकीतनं विमानं बघितली. मग आम्ही बाडहूव्हडॉर्प गावात राहायला आलो आणि मी विमानतळाजवळच्या एका कार्गो गोडाऊनमध्ये कामाला लागले, पेट्यांवरची लेबलं तपासायचं काम. हे म्हणाले एम.एस्सी. झालेली बाई पेट्या मोजणार का, मी म्हटलं घरात बसून तुमचे शर्ट मोजण्यापेक्षा बरं.

तिथं माझ्या शेजारच्या टेबलाला टीनेका होती. साठीची बाई, उंच, तोंडानं फटकळ, बोलण्यात कुणाची भीड नाही, म्हणजे आमच्या कोल्हापूरचीच म्हणायची. एकदा डबा खाताना मी एनसीसीचं बोलून गेले, तर म्हणाली शनिवारी चल, आमच्या नेमबाजीच्या क्लबात ये. गेले, आणि जी गेले ती दहा वर्षं एक शनिवार चुकवला नाही, पाऊस असू दे, पाहुणे असू देत. परवाना सहजासहजी मिळत नाही इथं, पोलीस घरी येतात, कपाट बघतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं विचारतात, पण मिळाला. टीनेकाचा नवरा वारला, त्याची जुनी लष्करी रायफल होती, लाकडाचा दस्ता अगदी तुळतुळीत. ती तिनं मला दिली. म्हणाली, मला ती कपाटात मरायला नकोय, तिचा आवाज होत राहिला पाहिजे. हे तिचं वाक्य लक्षात ठेवा, मला तर ते विसरताच येत नाही.

आता त्या रायफलची काडतुसं दुकानात मिळत नाहीत, जुन्या मापाची आहेत, म्हणून आपली आपण भरायची. लोकांना वाटतं काहीतरी भयंकर आहे, तसं काही नाही, त्यालाही परवाना लागतो, आणि काम म्हणाल तर सोनाराचं. गोळी उडाली की पितळेची पुंगळी खाली पडते, ती उचलायची, स्वच्छ करायची, बुडाला नवी टोपी बसवायची, त्याला प्रायमर म्हणतात, मग मोजून दारू, मग वर नवी गोळी. वजनकाट्यावर कणाकणाचा हिशेब. मला तर वडलांच्या शेजारी उभी राहिल्यागत वाटायचं. पहिल्यांदा मात्र फजिती केली. पितळ म्हटल्यावर मला काय, समई घासतो तसं, चिंच आणि मीठ, आणि मी दिवसभर भिजत ठेवल्या. संध्याकाळी बघते तर पुंगळ्या गुलाबी झालेल्या! टीनेकानं एक हातात घेतली, म्हणाली ह्यातलं जस्त गेलं बाई, ही आता फुटेल, फेकून दे सगळ्या. चाळीस पुंगळ्या फेकल्या. त्यानंतर चिंच फक्त आमटीत.

क्लबात एक रीत आहे. आपली पुंगळी आपण उचलायची, आणि जी कुणी उचलली नाही ती जो झाडून घेईल त्याची. बहुतेकांना वाकायचा कंटाळा. मी वाकायची. दर शनिवारी शेवटी झाडू घ्यायची, त्या जुन्या मापाच्या पुंगळ्या वेगळ्या काढायची आणि घरी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरून ठेवायची. तेव्हा खेरित हसायचा. खेरित म्हणजे आमच्या क्लबाचा सामान मागवणारा, वीस वर्षांचा जुना मेंबर, त्याच्याकडंही माझ्यासारखीच रायफल, त्याच मापाची. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणायचा, ही बघा आमची झाडूवाली. लोक हसायचे. मीही हसायची, दात काढायला काय लागतं, पण मनात एक पुंगळी त्याच्या नावाची टाकायची. आणि माझी कांदाभजी सगळ्यात जास्त कोण खायचं? तोच. ताटली पुसून खायचा. खाल्ल्या मिठाला जागणं हे काय फक्त आपल्यातच असतं का?

मग युक्रेनचं युद्ध सुरू झालं, आणि कारखाने सगळा माल सैन्याला द्यायला लागले, ते बरोबरच आहे म्हणा, तिथं माणसं मरतायत, आम्ही आपले कागदाला भोकं पाडणारे. पण टोप्या बाजारातनं गेल्याच. दारूची किंमत दुप्पट, मग आणखी वर, आणि एवढे पैसे मोजूनही डबा मिळेल याची खात्री नाही. दुकानदार फोन उचलायचा नाही. म्हणून क्लबानं ठरवलं, एकत्र मागवायचं, कँटीनच्या फळ्यावर कागद लावायचा, ज्याला पाहिजे त्यानं नाव लिहायचं, आणि जे येईल ते सगळ्यांत सारखं. माझं नाव चौथं होतं. मला सवय आहे, कुठल्याही कागदाचा मी फोटो काढून ठेवते, आमचे हे सगळं हरवतात म्हणून लागलेली सवय.

त्याच वर्षी जुन्या रायफलींची मोठी स्पर्धा होती. क्लबातनं एकच जण जाणार, त्याची निवड झाली, आणि मी खेरितला हरवलं. वीस वर्षं तोच जायचा. टीनेका एवढ्या मोठ्यानं ओरडली की रेंजवरच्या माणसानं तिला ताकीद दिली. मी घरी फोन केला, वडील तेव्हा होते, त्यांना ऐकू कमी यायचं, मी तीनदा सांगितलं, मग म्हणाले किती सुतानं? मी म्हटलं दोन सुतानं. म्हणाले मग ठीक आहे.

तीन आठवड्यांनी टोप्या आल्या. मी गेले, तर खेरित म्हणतो तुझं नाव यादीत नाही. कागद दाखवला, नवा कागद, त्याच्याच अक्षरात, माझं नाव खरंच नाही. मी म्हटलं मी लिहिलं होतं, तर खांदे उडवून म्हणाला, टंचाई आहे, जुन्यांना आधी द्यावं लागतं, आणि मग, काय सांगू तुम्हाला ताई, माझ्या पाठीवर थोपटून म्हणाला, तुमच्याकडं योगा असतो ना छान, तोवर तो कर. कँटीनमध्ये सात-आठ जण होते. सगळे आपापल्या कॉफीत बघायला लागले. मी फोटो दाखवू शकले असते. नाही दाखवला. रडत फोटो दाखवणारी बाई मला व्हायचं नव्हतं. टोप्यांशिवाय सराव नाही, सराव नाही तर स्पर्धा नाही. मी नाव मागं घेतलं आणि माझ्या जागी खेरित गेला. पुढच्या महिन्यात वडील गेले. शेवटपर्यंत विचारत होते, झाली का तुझी स्पर्धा. मी म्हटलं झाली. जिंकलीस का? जिंकले. वडलांशी खोटं बोलायला लावलं त्या माणसानं मला. ते मी त्याला माफ करणार नाही, आजही नाही आणि मेल्यावरही नाही.

आपल्याकडं म्हणतात ना, सापानं डूख धरला. मी धरला. शनिवारी जातच राहिले, पण टोप्यांच्या कागदावर परत नाव घातलं नाही, क्लबाच्या रायफलनं छोट्या गोळ्या मारायच्या, आणि शेवटी झाडू. त्याच्या पायाशी घरंगळलेली पुंगळीसुद्धा सोडली नाही, टेबलावर राहिलेल्या तेवढ्या तो घेऊन जायचा, खालच्यांसाठी कधी वाकायचाच नाही, कमरेचं दुखणं. दोन वर्षांत तीन बरण्या गच्च भरल्या.

आता पुंगळी काय जन्मभर टिकत नाही. पाच-सहा वेळा भरली की तोंडाला चीर जाते. यंदा खेरितच्या सगळ्या चिरल्या. आणि नव्या कुठं? त्या मापाच्या बनवतच नाही आता कुणी, कारखान्यांना दुसरी कामं आहेत. ह्याच्या कपाटात टोप्यांचे डबे, दारूचे डबे, सगळं साठवून ठेवलेलं, आणि भरायचं कशात? स्पर्धा दीड महिन्यावर. मग आला माझ्याकडं. स्वतः आला, इथं घरी, सायकलवर, हातात फुलं. मी चहा दिला, दारातल्या माणसाला चहा नाही दिला तर आई स्वप्नात येईल. म्हणाला तुझ्याकडं पुंगळ्या आहेत म्हणे, माझ्याकडं टोप्या आहेत, निम्मं-निम्मं करू, दोघांचंही भागेल, आणि यंदा तूच जा हवं तर स्पर्धेला. बघा, किती सरळ. आमचे हे आतनं मान डोलवायला लागले, म्हणजे घे, घे. पोरगी जिन्यावरनं डचमध्ये म्हणाली, ममा, लाट लोस, म्हणजे सोडून दे आता.

मी फोन काढला आणि त्याला त्या यादीचा फोटो दाखवला. चौथं नाव. तो लाल झाला, कानापासनं लाल झाला. काय छान वाटलं म्हणून सांगू, दोन वर्षं त्या एका रंगासाठी थांबले होते मी. म्हटलं सगळ्या पुंगळ्या देते. निम्म्या नको, सगळ्या घे, टोप्याही नकोत मला. फक्त शनिवारी कँटीनमध्ये उभा राहा आणि सगळ्यांसमोर सांग, हिचं नाव मी गाळलं होतं. एवढंच. त्यानं चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, ते जुनं झालं. मी म्हटलं पुंगळ्याही जुन्याच आहेत. तो उठला आणि गेला. फुलं राहिली, ती मी शेजारणीला दिली.

पुढच्या शनिवारी नाही बोलला. त्याच्या पुढच्याही नाही. टीनेका आली माझ्याकडं, मला वाटलं माझ्या बाजूनं आली, तर म्हणाली, मी ही रायफल तुला तिचा आवाज व्हावा म्हणून दिली होती, तुझी भांडणं मिटवायला नाही. म्हणाली दोन वर्षं झाली, माझ्या नवऱ्याची रायफल एकदाही वाजली नाही, आणि आता वाजू शकत असताना तू वाजू देत नाहीस. मग तुझ्यात आणि खेरितमध्ये फरक काय? हे लागलं मला. खरं सांगते, लई लागलं. ती गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि बाहेर येऊन बरणी उघडली सुद्धा. पुंगळ्या हातात घेतल्या. मग वडलांचा आवाज आठवला, जिंकलीस का. आणि परत झाकण लावलं.

स्पर्धा गेल्या शनिवारी झाली. आमच्या क्लबातनं कुणी गेलं नाही. पहिल्यांदाच. खेरित कँटीनमध्ये बसला होता आणि मीही बसले होते, दोन टेबलं सोडून, त्याच्याकडं टोप्या, माझ्याकडं पुंगळ्या. टीनेका आलीच नाही. तिला मी फोन केला, उचलत नाही, उद्या जाणार आहे तिच्या घरी, रायफल परत दे म्हणाली तर देईन, तिचा हक्क आहे, कागदपत्रंही करून देईन. ते दुःख माझं आहे आणि ते मी कुणावर ढकलत नाही. भारी पडलं मला हे, लोक म्हणतात वेडी आहेस, असू दे. चुकीचं माप घेऊन जगता येत नाही मला.

तुम्ही जाता जाता विचारलंत, त्याच्याबद्दल आता मनात काय आहे. आशीर्वाद आहे, ताई, मनापासनं आहे, लिहून घ्या. देव खेरितला शंभर वर्षं आयुष्य देवो. कंबर बरी होवो, नजर शेवटपर्यंत शाबूत राहो. आणि रोज सकाळी तो ते भरलेलं कपाट उघडो, एकेक डबा बघो, आणि परत बंद करो.