सीटखालच्या अक्षता

शाम : काकाजी, मशीन साफ सांगतंय. एअरबॅगची लाइट ड्रायव्हर सीटखालच्या वायरमुळे लागलीय. गाडी कुठे ठोकलेली नाहीये.

तुकोजी : नीट बघ भिया. आमच्या सूनबाईनेच ठोकली असणार. दसऱ्याला सकाळी गाडी चंगी होती. संध्याकाळी ती सुदामा नगरला माहेरी गेली, आईवडिलांना घेऊन आली, तर ही लाइट चालू.

शाम : हा बघा पिवळा प्लग. आतून हिरवा पडलाय, पाणी गेलंय. आणि हे काय, तांदूळ? कुंकवाचे?

तुकोजी : अक्षता.

शाम : गाडी आतून धुतली का कोणी?

तुकोजी : आमचे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते. दसऱ्याला आधी घोड्याला अंघोळ, मग पूजा. आता घोडा नाही, तर गाडी. मी दारं उघडून दोन बादल्या ओतल्या.

शाम : आत? सच्ची?

तुकोजी : घोड्याला काय वरवर पुसतात?

शाम : टेन्शन नका घेऊ. प्लग बदलला की लाइट गेली.

तुकोजी : लाइट जाईल रे. पण मी तिच्या आईवडिलांदेखत तिच्या हातून किल्ली काढून घेतली. पोरगी दोनदा म्हणाली, आबा, मी नाही ठोकली. मी म्हणालो, खोटं बोलू नकोस. तेव्हापासून देवासला शाळेत शिकवायला बसने धक्के खात जाते. काय केलं मी हे! आणि आज तिला इथेच बोलावलंय, तिचं खोटं पकडायला. शाम भिया, उंदराने वायर कुरतडली म्हणून सांग ना तिला.

शाम : तुम्ही म्हणाल तसं, काकाजी.

(कमल पदर सावरत गॅरेजमध्ये येते.)

कमल : काय निघालं, आबा?

शाम : ते वहिनी, उंदराने वायर...

तुकोजी : राहू दे, शाम. उंदीर-बिंदीर काही नाही, सूनबाई. गाडी धुताना मीच पाणी घातलं आत. तू खरं बोलत होतीस. तुझ्याकडे बघायची लाज वाटतेय मला. ही घे किल्ली.

कमल : नको.

तुकोजी : रागावलीस ना? हक्क आहे तुझा.

कमल : आज तुम्हीच चालवा, आबा. घरी नको, आधी सुदामा नगरला घ्या. किल्ली तिथे द्या मला, आईबाबांसमोर.