वाडग्यातलं लेकरू

माझं माहेर पाटोद्याकडलं, मेंढरामागं वाढलेली मी, आन् दिलं इकडं केजकडं, ते बी मेंढरामागंच. शाळेचं तोंड न्हाई बगितलं. तुमी लिवून घेताय म्हनून सांगते, न्हाईतर मपलं ऐकून कुनाला काय करायचंय.

आमच्या रानाच्या वरल्या अंगाला माळ हाय, तितं धोंड्यांचं मोठं गोल होतं. आमी त्याला वाडगं म्हनायचो, जुन्या काळी कुन्या धनगरानं मेंढरं कोंडायला केलं आसल म्हनून. तितं कवा कुनी नांगर घातला न्हाई. म्हनून तर सासूनं ती जागा दावली. मपलं पयलं लेकरू, पोरगी, आठ दिसांची होऊन गेली. दूध ओढंना, आंग गार पडलं, माहेराला सांगावा धाडायच्या आदी गेली. तान्ह्याला जाळत न्हाईत, पुरत्यात. मालकानं आन् सासूनं वाडग्यात मधोमध पुरली, वर धोंडा ठिवला, आन् सासू म्हनली, आता हिचा विषय घरात काढायचा न्हाई, पुढलं लेकरू व्हायचंय. न्हाई काढला. चाळीस वर्सं न्हाई काढला. मेंढरं घेऊन तिकडून जाताना धोंड्याला हात लावायचे, बास.

मालक गेले, रान पोराच्या हाती आलं. त्यानं शेततळं करायला वाडग्यापशी जेसीबी लावला. मी म्हनले, तितं नको रं. कावून नको? म्हनला. काय सांगू त्याला, म्हनले देवाची जागा हाय. हसला. कडंचे दोन धोंडे उचलले तर खाली गाडगी निगाली, आतून काळी, भाईरून तांबडी, गंजलेलं लोखंड आन् हाडं. गाव लोटलं सोनं बगायला. मंग जुनं उकरून बगनाऱ्या सरकारी खात्याची जीप आली, सायब आले, काम थांबलं. तळं बी गेलं.

सायब मानूस वाईट न्हाई, त्याला कशाला नावं ठिवू? पयल्याच दिशी त्यानं पोराला इचारलं, अलीकडं तुमच्यापैकी कुनाला इथं पुरलंय का? पोरगा म्हनला, न्हाई. त्याला कुटं म्हाईत होतं, आपल्याला बहीन होती म्हनून! आन् मी तितंच चहा घेऊन उबी, पदर डोक्यावर, धा गडी समोर. त्या येळंला बोलले आस्ते तर! बोलले न्हाई. दुसऱ्या कुनावर न्हाई एवढा राग सोतावर येतो.

चार दिसांनी मी मेंढराकडं गेलते, आले तर पोरगा खुशीत सांगतोय, आये, मधोमध लहान लेकराची हाडं घावली, सायब म्हनला हजारो वर्सांची हायेत, कापसात गुंडाळून डब्यात घालून नेली. मंग सांगितलं त्याला सगळं. तसा वरडला, आदी कावून न्हाई बोललीस? खरंच की, कावून न्हाई बोलले!

त्यानं सायबाच्या हापिसात फोन लावला. तिकडून कुनीतरी म्हनलं, आजींना सांगा, तान्ह्याची हाडं मातीत टिकत नाहीत, तुमचं कधीच विरून गेलं असेल, हे जुनंच आहे. आता तुमीच सांगा, मपलं चाळीस वर्सांत इरलं आन् त्यांचं हजारो वर्सं टिकलं, हे कसलं शिक्षान? तपासून सांगतो म्हनले. आजून तपासत्यात.

आता तितं खड्डा हाय आन् पाटी हाय. कालेजातली पोरं येत्यात, फोटू काढत्यात, मलाच इचारत्यात, आजी, इथं काय सापडलं? गाडगी, म्हनते, आन् मेंढरं पुढं हानते.

तुमची लेकरं सुखात ऱ्हावीत बाबा. तुमी शिकलेले, त्या सायबाला कागद लिवा. परत द्या न्हाई म्हनत मी, कुन्या तोंडानं म्हनू. एवढंच लिवा, डबा उगडला तर हात हळू लावा म्हनावं. ते हजारो वर्सांचं न्हाई. आठ दिसांचं हाय.