खुर्च्या, माणसांसकट

— पन्नास? पन्नास खुर्च्यांचं काय लोणचं घालणार आहेस? अगं पोरी, तुझी सभा फुकटची, मग येणार कोण — तू, तुझ्या दोन मैत्रिणी, आणि सुनेनं घराबाहेर काढलेला एखादा म्हातारा. दहा घे. त्यातल्याही उरतील. आणि आजोबा म्हणू नकोस, मालक म्हण. आजोबा म्हटलं की लोक भाडं पाडायला बसतात.

हसतेस काय? जन्म गेला माझा मांडव नि खुर्च्या भाड्यानं देण्यात. शाळा चौथीतच सुटली, पण सभा पोतंभर पाहिल्यात. माणसं आपणहून येत नसतात, आणावी लागतात. माझ्याकडे दोन्ही मिळतं — नुसत्या खुर्च्या, नाहीतर खुर्च्या माणसांसकट. डोळे कशाला वटारतेस? टाळ्या वाजवणारी माणसं, ने-आण आमची, खाणंपिणं तुमचं. सगळे तेच करतात.

काय? तरुणांनी पुढं यायला हवं? ये की, कोण अडवतंय! पुढं सोफे असतात, बसायला गेलीस तर हाताला धरून उठवतील. मागं बस, टाळ्या वाजव, मोबाइलवर फोटो काढ — झाली तुझी समाजसेवा. प्रश्न विचारायचाय? विचार. माइक माझा असतो, पण बटणावर बोट दुसऱ्याचं असतं.

माझी नात अशीच. तुझ्यासारखीच उभी राहायची, एका पायावर भार टाकून, आपलंच खरं करत. तुंबलेल्या गटारासाठी दारोदार फिरली — कुणाच्या घरात पाणी शिरतं, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाचा मुलगा घरी बसून आहे, सगळं तोंडपाठ. लोक म्हणायचे, हिला निवडून द्यायला हवं. मग सभा लावली तिनं, चांगल्या कोरड्या संध्याकाळी, म्हणजे कुणाला सबब नको. खुर्च्या मी स्वतः पुसल्या. आणि मग — मग काय! सगळे आपापल्या खिडकीत. खाली एक उतरेल तर शपथ. एक कुत्रं तेवढं आलं. त्या कुत्र्यासमोर अख्खं भाषण केलं तिनं — अख्खं, एक वाक्य गाळलं नाही — आणि बोलली छान गं. फार छान बोलली. एवढे पुढारी ऐकले मी, पण असं पोटातून — जाऊ दे. कार्टीला अक्कल नव्हती.

आता? आता इथंच असते, मागच्या खोलीत, फोनवर. माणसं तीच आणते. तिच्यासारखं या धंद्यात कुणी नाही, पुढारी लोक नाव काढतात. कुणाच्या मुलाला नोकरीला चिकटवायचंय, कुणाला नळ हवाय, हिला ठाऊकच — एक फोन केला की गाडी भरली. गटारासाठी ज्यांना जिना उतरवला नाही, ते जेवणाच्या डब्यासाठी आंघोळ करून वाट बघतात. म्हणजे बघ, आलीच की नाही पुढं?

नको, हाक मारू नकोस. तिच्याशी बोलायचं नाही. तू बोलणार, ती ऐकणार, आणि पुन्हा घरात तीन महिने कुणी कुणाशी बोलायचं नाही — नको बाई. माझं वय नाही राहिलं आता.

बरं, सभा कशाची ते तर सांग. मैदान वाचवायची? कुठलं मैदान — शाळेमागचं? आणि कधी? रविवारी?

हं.

रविवारी एकही खुर्ची नाही. सगळ्या गेल्यात. कुठं म्हणजे — तिथंच. शाळेमागं. वाहनतळाची पायाभरणी आहे, मोठमोठी माणसं येणारेत. तुला कुणी सांगितलं नाही? कोण सांगणार म्हणा. माणसंही ठरलीत. हो, तिनंच ठरवली, तिचं काम आहे ते. असं बघू नकोस माझ्याकडे. थांब — कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाई तुझी आई ना? मग तुमच्या घरून येणारच आहे की एक जण. तिसऱ्या रांगेत बसवलंय, बरी जागा आहे, सावलीतली. नव्हतं ठाऊक? मला वाटलं, घरात बोलत असाल.

आता उभी काय राहिलीस? जा. दुसरीकडे विचार, नाही तर जमिनीवर बस. दार हळू लाव, ती आत फोनवर — बोलायची थांबली वाटतं. जा म्हणतो ना!