हाताचं पान

केशरबाई : अगं पण काल तर चालत होतं ना! तुझ्या ऑफिसात मी डोळ्यांनी बघितलं. हात कसा सुळकन वर जायचा.

शकू : ऑफिसात चालत होतं, आई. इथे शाळेच्या कॉम्प्युटरवर नाही चालत. 'आई' या शब्दावर माउस नेला की हात जागचा हलत नाही, आणि खाली हा पिवळा त्रिकोण येतो. एरर.

केशरबाई : आणि चेहरा तेवढा दिसतोय. हात बघ कसा कोपऱ्यात पडलाय.

शकू : आई, जरा हळू बोल. लोक आत यायला लागलेत.

केशरबाई : लोक येऊ देत. चांगदेव खुणेने विचारतोय, बंद पडलं का. सांग त्याला.

शकू : तू सांग ना. माझे दोन्ही हात कीबोर्डवर आहेत.

केशरबाई : सांगितलं. म्हणतोय, माझा हात बिघडला की तुझा कॉम्प्युटर?

शकू : म्हणावं, कॉम्प्युटर. हात एकदम फर्स्ट क्लास आहे.

गोपीनाथ : शकुंतला, झालं का? मुख्याध्यापिका बाई आणि ट्रस्टी मंडळी येऊन बसली आहेत. थोड्या वेळात सुरू करायचं आहे.

शकू : सर, इथे नेटस्केप नाहीये. नुसता एक्स्प्लोरर आहे.

गोपीनाथ : अरे देवा. मी फोनवर शाळेला विचारलं होतं, कॉम्प्युटर आहे का. आहे म्हणाले. ब्राउझर कुठला, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

शकू : माझीच गडबड झाली सर. आपल्या ऑफिसात सगळे नेटस्केपवर बघतात, म्हणून मी फक्त त्याच्यासाठी लिहिलेलं.

केशरबाई : साहेब, मला अडाणीला कळेल असं सांगा. दोन्हींत काय फरक?

गोपीनाथ : कसं आहे ताई, दोन्ही खिडक्याच आहेत, इंटरनेटवरची पानं बघायच्या. पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एकीला समजतं ते दुसरीला समजेलच असं नाही.

शकू : आई, पानावर एक चेहरा आहे, त्याच्यावर चांगदेवदादाच्या हाताचा फोटो ठेवलाय. काचेवर काच ठेवावी तसा. मग जावास्क्रिप्टमधून मी त्या हाताला हाक मारते, वर हो, नाकाशी जा. नेटस्केपमध्ये त्या हाताला एक नाव आहे, एक्स्प्लोररमध्ये दुसरंच. मी हाक मारतेय, पण चुकीच्या नावाने. मग तो हलणार कसा?

केशरबाई : मग बरोबर नावाने मार की.

शकू : तेच करतेय. पुस्तकात वाचलंय मी ते. कधी करून नाही बघितलं.

गोपीनाथ : शकुंतला, एक मिनिट माझं ऐक. इतकी धावपळ नको करू. शाळेचं मुख्य पान व्यवस्थित उघडतंय ना? फोटो, पत्ता, शाळेचा इतिहास?

शकू : ते सगळं उघडतंय. मराठी अक्षरंसुद्धा दिसतायत, चित्रं करून आणलेली म्हणून.

गोपीनाथ : बटणांवर माउस नेला की रंग बदलतात?

शकू : बदलतात.

गोपीनाथ : मग आज तेवढंच दाखवू. लोकांना तेही नवीन आहे. खरं सांगू का, बाईंना हे हाताचं पान फारसं पसंत नाहीच आहे. आत्ता दारातच मला म्हणाल्या, खुणा नका दाखवू. पालकांना वाटेल शाळा खुणाच शिकवते. मुलांना खुणांची सवय लागली की ती बोलायचा प्रयत्नच करत नाहीत.

केशरबाई : असं म्हणाल्या?

गोपीनाथ : ताई, त्यांचा अनुभव मोठा आहे. त्यांच्या परीने त्या मुलांच्या भल्याचंच बोलतात.

केशरबाई : असेल. माझाही लेक अशाच एका बहिऱ्या मुलांच्या शाळेत होता, साहेब. तिथेही भल्याचंच बोलायचे. हात हलला की हातावर पट्टी. चांगदेव 'पाणी' म्हणायला शिकला, पण त्याचं ते पाणी माझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. स्टेशनवर म्हटलं की लोक वळून बघायचे. हाताने मागितलं की दुकानदार लगेच ग्लास पुढे करायचा. आता तुम्हीच सांगा, बोलणं कुठलं?

गोपीनाथ : मी नाही कुठे म्हणतोय?

केशरबाई : नाही, तुम्ही ऐकूनच घ्या. तो डोंबिवलीला एमआयडीसीत पावडर कोटिंगला आहे. त्याचं काम बघायला दुसऱ्या कंपनीचे लोक येतात. आज सुट्टी टाकून आलाय, इस्त्रीचा शर्ट घालून. कशाला? शाळेचा पत्ता बघायला?

शकू : आई, पुरे.

केशरबाई : पुरे कसं? चांगदेव विचारतोय, साहेब काय म्हणतात. काय सांगू त्याला?

शकू : सांग त्याला, साहेब म्हणतात, आज हात नको दाखवायला.

गोपीनाथ : असं नको सांगू गं...

केशरबाई : सांगितलं.

गोपीनाथ : काय म्हणाला?

केशरबाई : दोन्ही हात खिशात घातले.

शकू : सर, मला थोडा वेळ द्या. तुम्ही आधी शाळेचा इतिहास सांगा, बाईंचं भाषण होऊ दे. तोवर नाही झालं, तर मी स्वतः हे पान बंद करेन. पण न करता बंद नाही करणार.

गोपीनाथ : आणि सगळ्यांसमोर तो त्रिकोण आला तर? आपलं वर्तकनगरचं ऑफिस अजून नवं आहे. लोक आपल्याला ह्याच्यावरूनच ओळखणार.

शकू : ह्याच्यावरूनच ओळखू दे ना, सर. रंग बदलणारी बटणं आज कोणीही करून देतंय. मी हे पान का केलं, माहितीये? दादाला मी एकदा खुणांचं एक छापील पुस्तक दाखवलेलं. प्रत्येक शब्दाला एक फोटो. त्याने बघितलं आणि मिटून ठेवलं. म्हणाला, हे मेलेले हात आहेत. शब्द हाताच्या आकारात नसतो, हात जातो कसा त्याच्यात असतो. कागदावर हात जाणार कसा? मग आपल्याकडे मी जावास्क्रिप्ट शिकले. पहिल्यांदा बटणाचा रंग बदलला, तेव्हाच मला वाटलं, रंग बदलतो तर हात का नाही हलणार?

गोपीनाथ : हे तू मला कधी बोलली नाहीस.

शकू : तुम्ही विचारलं नाहीत. पहिल्यांदा मी दोनच चित्रं ठेवलेली, हात खाली आणि हात वर. दादा म्हणाला, मधलं गाळलंस, मधेच तर सगळं बोलणं आहे. मग मधले फोटो काढले. आमच्या चाळीच्या गॅलरीत, पांढरी चादर बांधून. दादा प्रत्येक खुणेला मधेच थांबायचा, हात थरथरू न देता.

केशरबाई : आणि खालून बायका विचारत होत्या, पोराचं लग्न ठरलं का, फोटो काढताय म्हणून.

गोपीनाथ : ठीक आहे. कर तू. मी बाईंशी बोलतो.

शकू : काय बोलणार?

गोपीनाथ : बघतो. म्हणेन, आमच्या प्रोग्रॅमरने केलंय, ते एकदा बघा आणि मग ठरवा. तुझं तू बघ.

केशरबाई : गेले ते. भला माणूस आहे. घाबरट आहे, पण भला आहे.

शकू : आई, बोलू नको आता. इथे नाव बदललं... आधी विचारायचं, तू कोण आहेस, नेटस्केप की एक्स्प्लोरर. नेटस्केप असशील तर या नावाने. नाहीतर या नावाने. सेव्ह. आता बघ. 'आई'वर नेते.

केशरबाई : अगं हलला!

शकू : हलला, पण कुठे गेला?

केशरबाई : कपाळावर. चांगदेव हसतोय बघ. म्हणतोय, ही आई नाही, हा पोलीस आहे. सलाम ठोकतोय.

शकू : हसला ना? हसू दे. हाक तरी ऐकू गेली त्याला. आता नुसतं किती वर जायचं, ते चुकतंय. इथे वरून मोजतात वाटतं... थांब. दादाला विचार, नाकाच्या कुठे?

केशरबाई : विचारायचं काय त्यात? चमकी घालतो तिथे. आईची खूण तीच. माझ्याच चमकीवरून करतो तो लहानपणापासून.

शकू : हं. आता?

केशरबाई : (स्वतःच्या चमकीला बोट लावते.)

शकू : आई? बरोबर आहे का?

केशरबाई : बरोबर आहे. बरोब्बर तिथे आहे.

शकू : मग रडतेस काय?

केशरबाई : रडत नाही गं. तू बाकीचे शब्द बघ. 'पाणी' बघ, 'भूक' बघ. चांगदेव म्हणतोय, तो एकेक तपासणार. एकही हात लंगडा नको.

(कार्यक्रम संपला आहे. हॉलमध्ये कॉम्प्युटरभोवती पालकांची आणि मुलांची गर्दी. चांगदेव मुलांच्या घोळक्यात हात हलवत उभा आहे.)

गोपीनाथ : शकुंतला! बघितलंस ना? मुलं बेंचावर चढली! पहिला हात हलला आणि सगळा हॉल हातांनी भरून गेला. मी आयुष्यात असा गोंगाट पाहिला नाही, जरासुद्धा आवाज नसलेला.

शकू : बाई काय म्हणाल्या, सर?

गोपीनाथ : बाई? म्हणाल्या, ठेवा ते पान. पण बोलायचा वर्ग पण चालूच राहील म्हणाल्या. मी म्हटलं, राहू दे की, कोणी नको म्हटलंय? आणि एका ट्रस्टींनी विचारलं, ही कुठल्या मोठ्या कंपनीची माणसं. मी सांगितलं, ही मुलगी आमच्याकडची आहे, ठाण्यातच शिकली आणि आत्ता तुमच्यासमोर बसून तिने हे दुरुस्त केलं.

केशरबाई : असं सांगितलंत?

गोपीनाथ : मोठ्याने सांगितलं, ताई. माइकवर सांगणार होतो, माइक बंद केला होता त्यांनी.

सीताराम : ताई, जरा ऐका. हे यंत्र कुणाचं हाय? कुणी बनवलं?

केशरबाई : या ना दादा, पुढे या. यंत्र शाळेचं आहे. त्याच्यातले हात माझ्या मुलाचे, तो तिथे उभा आहे ना, निळ्या शर्टातला, त्याचे. आणि ते हलवले माझ्या मुलीने. ही माझी शकू.

सीताराम : मी सीताराम. शीळफाट्याकडनं आलो, खाडीत मासे धरतो. माझी पोर हितं दुसरीला हाय, हॉस्टेलात ऱ्हाते. ती बगा, तुमच्या पोराच्या शर्टाला धरून उभी हाय. घरी आली का मला तिचं काय समजत नाय. तिच्या आईला थोडं थोडं समजतं. मला नाय.

शकू : बसा काका. हा माउस धरा. जो शब्द पाहिजे त्याच्यावर हा बाण न्यायचा. दाबायचं पण नाही, नुसता न्यायचा.

सीताराम : माझा हात जड हाय. जाळं वढून वढून असा झालाय. मोडंल बिडंल.

शकू : नाही मोडत. न्या. हां. हे 'पाणी'.

सीताराम : आयला. प्यायला मागतो तसंच.

केशरबाई : बघा, आलं की तुम्हाला.

सीताराम : ह्यो शब्द काय? मला वाचायला कमी येतं.

शकू : 'भूक'. आणि त्याच्या खालचा 'शाळा'. आता तुम्ही ज्याच्यावर आहात तो...

सीताराम : थांब. थांब पोरी. हे काय केलं त्यानं? वठावर बोट फिरवलं.

शकू : हो, असं. मिशीवरून.

सीताराम : ही खूण माझी पोर करते. सुट्टीला आली का दारातनंच माझ्याकडं बघून करते. जेवताना करते. मी होडीवर निघालो का बंदरावर उभी ऱ्हाऊन करते. मला वाटायचं नाक पुसते. मी तिला रुमाल द्यायचो.

केशरबाई : शकू, सांग त्यांना.

शकू : काका, तो शब्द 'बाबा' आहे.

सीताराम : म्हंजे... ती मला हाक मारते?

केशरबाई : हो दादा. तुम्हालाच.

सीताराम : थांबा, तिच्या आईला बोलावून आणतो. बाहेर बसलीय ती... नाय, नाय. ऱ्हाऊ दे. आदी मलाच एकदा परत दाखव.